वनबीएचकेतलं बारसं आणि वीतभर डिफ्यूझर

वर्तकनगर असो की नेरूळ, वनबीएचकेतल्या बारशाला फोटो काढणाऱ्याची जागा ठरलेली: फ्रिज आणि चपलांचं कपाट यांच्यामधली दीड फूट. १० बाय १२ च्या हॉलमध्ये पाळणा, फुग्यांची कमान आणि चाळीसेक माणसं. फ्लॅश सरळ समोरून मारला की आत्याबाईंचं कपाळ तुपात घोळल्यासारखं चमकतं आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळी सावली हजर होते, म्हणजे चाळीसचे ऐंशी. मग माणूस मोबाईल उघडून डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशवर लावून उजेड मऊ करायची वस्तू, शोधू लागतो. खरा छळ इथून सुरू होतो, कारण दुधी डबी, रबरी घुमट, पांढरं कार्ड, फुगवायचा सॉफ्टबॉक्स (समोर पांढरा पडदा असलेली पेटी), सगळ्यांच्या जाहिरातीत एकच गोरीपान मुलगी आणि तोच मऊ प्रकाश.

त्या मुलीला बाजूला ठेवू. उगम मोठा असेल तरच प्रकाश मऊ पडतो. फ्लॅशच्या हेडची, म्हणजे वरच्या वळणाऱ्या डोक्याची, काच जेमतेम सहा-सात सेंटीमीटर रुंद. तिच्यावर तेवढ्याच मापाचा बटर पेपर, टिश्यू किंवा आजोबांचा रुमाल बांधला, तर उजेड कमी होतो. सावलीची कड आहे तशीच राहते. दुधी डबीची करामत वेगळी आहे. ती उजेड चहूकडे उधळते, तो छतावर आणि भिंतींवर आपटून परत येतो, आणि अख्खी खोली उगम बनते. थोडक्यात, घरमालकाने दिलेला पांढरा रंग हाच खरा डिफ्यूझर. म्हणून हीच डबी सोसायटीच्या गच्चीवर रात्री लावणाऱ्यांची मला गंमत वाटते. तिथे एक-दोन स्टॉप (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा) फुकट जातात, बाकी काही होत नाही. आकाशाला अजून कोणी पीओपी केलेलं नाही.

तेव्हा खरेदीआधी मान वर करून छत बघायचं. पांढरं, नऊएक फुटांवर असेल तर काहीच विकत घेऊ नका. हेड ६० ते ७५ अंशांवर उचला आणि फ्लॅशमध्येच दडलेलं छोटं पांढरं कार्ड ओढून बाहेर काढा. कार्ड कशाला? 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' चालू असताना बायका पाळण्यावर वाकलेल्या असतात. छतावरून पडणारा उजेड त्यांच्या अंबाड्यांवर सुरेख पडतो, चेहरे मात्र अंधारात आणि डोळ्यांच्या जागी खड्डे. थोडा उजेड समोर गेला की खड्डे भरतात आणि बुबुळांत एक ठिपका चमकतो. फ्लॅशमधलं कार्ड पुरेना, तर स्टेशनरीच्या दुकानातून २ मिलिमीटर जाडीचा पांढरा फोम शीट घ्या, १२ बाय १५ सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि केसांच्या रबराने हेडच्या मागच्या बाजूला बांधा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून चढल्यावर टणक घुमटाचं काय होतं हे ठाणेकराला सांगायला नको. फोम चेपतो आणि पुन्हा सरळ होतो.

श्रीखंडाचा रिकामा डबाही चालतो. फक्त तो पांढरा हवा, आणि धुतलेला.

खरी पंचाईत रंगीत भिंतीची. एका भिंतीला पोपटी रंग द्यायची टूम निघाल्यापासून बाळं एका गालाने पोपटी येऊ लागली आहेत. शेजारी हिरव्या पैठणीतल्या काकू उभ्या असतील तरी तेच, त्याही भिंतच. हे व्हाइट बॅलन्सने, म्हणजे अख्ख्या फोटोचा रंग एकदम जुळवायच्या सेटिंगने, सुधारत नाही, कारण वरून पांढरा आणि बाजूने हिरवा असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर असतात. इथे मात्र छोटा सॉफ्टबॉक्स कामाचा, साधारण १५ बाय २० सेंटीमीटरचा. तो उजेड पुढे ढकलतो, भिंतीकडे फारसा सांडत नाही. पण त्याची मजल ओळखून असा. तीन फुटांवरून बाळाची मूठ सुंदर येते. आठ फुटांवर गेलात की तो पुन्हा एक ठिपका होतो. छतावर लाकडी रंगाचं फॉल्स सीलिंग असेल तरी हाच उपाय.

आता आकडे. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ ४, शटर १/१०० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून १/१०० किंवा १/५० ठेवलं की फोटोत पट्टे येत नाहीत. या हिशेबात छतावरून मारलेला फ्लॅश डबीसकट साधारण १/८ ते १/४ ताकदीत भागतो आणि लगेच पुन्हा तयार होतो. आयएसओ १०० चा हट्ट धरणाऱ्यांचा फ्लॅश दर वेळी पूर्ण ताकद लावतो, मग सेल दमतात, हेड तापतं, आणि आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून पाठीवर धपाटे खात असते तेव्हा फ्लॅश नेमका चार्ज होत असतो. टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या सोयीवर, भरवसा ठेवा, पण पांढरं झबलं आणि पांढरी भिंत दिसली की ते घाबरून उजेड कमी करतं. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (त्या आपोआप ठरलेल्या ताकदीत हाताने करायचा फेरफार) २/३ ते १ स्टॉप वाढवा. लोखंडी कपाटाचा आरसा आणि टीव्ही यांच्या समोर काटकोनात उभं राहू नका. चष्मेवाल्या काकांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. ते ऐकत नाहीत, तरी सांगा.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. मागे सरकत सरकत तुम्ही पॅसेजमध्ये पोचता आणि डोक्यावर माळा येतो. हेड तसंच उभं ठेवलंत तर सगळा उजेड माळ्याच्या बुडावर आपटून तुमच्याच टकलावर पडेल. हेड ४५ अंशांवर पुढे झुकवा, म्हणजे उजेड माळ्याची कड चुकवून हॉलच्या छताला लागेल. तेवढ्यानेही माणसं चौकटीत मावली नाहीत, तर मागचं बाथरूमचं दार उघडून आणखी दोन फूट मिळतात. फक्त आधी टकटक करा.