लक्ष्मणफळाचे ‘१०,००० पट’ आणि रिकाम्या पोटाचा आग्रह

फळे रिकाम्या पोटी खाल्ली तरच कॅन्सर टळतो, जेवणानंतर खाल्लेली फळे पोटात सडतात, लिंबाने रक्त अल्कधर्मी होऊन कॅन्सरच्या पेशी मरतात आणि लक्ष्मणफळ (सीताफळाच्या कुळातले, इंग्रजीत ‘सोरसॉप’) तर केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे, असे सांगणारा संदेश गेली अनेक वर्षे फिरतो आहे.

सडण्याची भीती निराधार आहे. जठररसाचा सामू (आम्लता दाखवणारा pH हा अंक; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो आणि इतक्या तीव्र आम्लात अन्न सडवणारे बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. फळ जेवणाआधी खाल्ले काय किंवा नंतर, त्यातील साखर व जीवनसत्त्वे लहान आतड्यातच शोषली जातात.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात; लिंबाने फार तर लघवीचा सामू बदलतो. कॅन्सरच्या गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी असतो हे खरे, परंतु ते आम्ल गाठच तयार करते, म्हणजे संदेशाने कार्यालाच कारण ठरवले आहे. या दाव्याच्या पाठीशी उभे केले जाणारे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९३१चे नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकरावरील (एन्झाइमवरील) संशोधनासाठी, आहाराने कॅन्सर बरा केल्याबद्दल नव्हे.

‘१०,००० पट’ हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. १९९६च्या एका शोधनिबंधात लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळे काढलेले एक संयुग, प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशींच्या एका प्रकारावर, ॲड्रियामायसिन या केमोथेरपीच्या औषधाच्या १०,००० पट तीव्र ठरल्याची नोंद आहे. म्हणजे बी, गर नव्हे. शुद्ध संयुग, फळ नव्हे. आणि बशीतल्या पेशी, रुग्ण नव्हे. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. शिवाय या फळातील ॲनोनासिन हे संयुग चेतापेशींना घातक असते, आणि कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर या वर्गातील फळांच्या सेवनाचा पार्किन्सनसदृश विकाराशी संबंध १९९९मध्येच मांडला गेला होता.

मग फळांचा उपयोग किती? युरोपातील दहा देशांतील सुमारे ४.७८ लाख लोकांच्या पाहणीत (२०१०) रोज २०० ग्रॅम अधिक फळे-भाज्या खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरचा एकूण धोका केवळ ३ ते ४ टक्क्यांनी कमी आढळला. हा लाभ लहान आहे, आणि फळातील एखादा घटक गोळीतून दिल्याने तो वाढेल असेही नाही: फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटीनची (गाजरासारख्या फळे-भाज्यांतील रंगद्रव्याची) गोळी घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के अधिक झाला. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते, तीही हृदयविकारासह इतर अनेक आजारांचा विचार करून.

उपचार चालू असलेल्यांनी तर या संदेशावर विसंबूच नये, कारण ग्रेपफ्रूटसारखे निरुपद्रवी वाटणारे फळही कॅन्सरच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवू शकते.