ओलीचा डाग वाढला का, हे 108 मेगापिक्सेल सांगत नाहीत

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घरातल्या जुन्या चित्रांची नोंद ठेवायला 108 मेगापिक्सेलचा मोबाइल पुरे. फ्लॅश मारू नका, रंग उडतात. फोटो ग्रुपवर टाका, कायमचा राहील.’ लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे, म्हणूनच उत्तर देतोय.

असे मोबाइल एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात. पण अडचण आकड्याची नाहीच. मोबाइल फोटो परस्पर ‘सुधारतो’, ही आहे. चित्रशाळेचा एखादा जुना छाप घ्या. 1878 साली पुण्यातच सुरू झालेला हा छापखाना; त्याची देवादिकांची चित्रं कितीतरी घरांत आहेत. कागद पिवळा पडलेला, कडेला ओलीचा तांबूस डाग. मोबाइल तो पिवळेपणा आपल्या मनाने कमी करतो आणि कागदाचा पोत गुळगुळीत करून टाकतो. जूनमध्ये एक फोटो काढला, दसऱ्याला दुसरा; दोन्हींचे रंग वेगळे. मग पावसाळ्यात डाग पसरला की नाही, कसं कळणार? नोंद ठेवायची ती याचसाठी ना!

म्हणून चित्राशेजारी 24 ठरावीक रंगांच्या चौकोनांची रंगपट्टी (तिच्यावरून दोन फोटोंचे रंग जुळवता येतात) आणि मोजपट्टी हवी. कॅमेरा ट्रायपॉडवर, चित्राला समांतर. दोन्ही बाजूंना 45 अंशांत एकसारखे दिवे. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने परस्पर न ‘सुधारलेली’. मग खोलीत अंधार करून एकच दिवा बाजूने, चित्राच्या पातळीला जवळजवळ टेकवून लावा आणि आणखी एक फोटो काढा. समोरून सपाट वाटणाऱ्या कागदावरचे फुगवटे, सुरकुत्या, सुटू लागलेले रंगाचे पोपडे सावल्यांमुळे उठून दिसतात. मी स्वतः हाच फोटो सगळ्यांत आधी बघतो.

फ्लॅशचं म्हणाल, तर एखाद-दुसऱ्या फ्लॅशने रंग उडत नाहीत. रंग खातं ते खिडकीतून रोज येणारं ऊन. फ्लॅश टाळायचा तो काचेवर चमक येते आणि या सुरकुत्या दिसेनाशा होतात म्हणून.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, कधी आणि कशाने काढला ही माहितीही निघून जाते. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात तारीख घाला.

कॅमेरा नसेल तर मोबाइलही चालेल, पण प्रो मोडमध्ये (म्हणजे सेटिंग आपल्या हाताने ठरवून), रॉ फाइल घेऊन, रंगपट्टीसकट. आणि वाडा पाडायला देणार असाल, तर चित्र उतरवल्यावर त्याची मागची बाजूही टिपा. कसरीची भोकं, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली तारीख तिथेच सापडते.