मधुबाला ठीक आहे हो, पण फोटो काढला कुणी?

परवा आत्या आली होती, हॉलमध्ये शिरल्या शिरल्या भिंतीकडे बघून म्हणते, "ही कोण गेली रे तुमच्याकडे?" अगं आत्या, मधुबाला आहे ती! तर लगेच पुढचा प्रश्न, मग हार का नाही घातला. तिचंही चुकलं नाही म्हणा, आपल्याकडे भिंतीवर फ्रेम म्हणजे एकतर देव, नाहीतर महाराज, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. आणि मधुबालाही गेलीच की, १९६९ च्या २३ फेब्रुवारीला, छत्तिसावा वाढदिवस होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तर ही फ्रेम माझी दुसरी. पहिली ऑनलाइन मागवली होती, १८ बाय २४ इंच. नेटवरची एवढीशी फाइल ताणताणून एवढी मोठी केलेली, लांबून बरी दिसायची पण सोफ्यावर बसलं की पापण्यांचे चौकोन मोजता येत होते. वर कहर म्हणजे रंग भरलेले! ओठ गुलकंदासारखे. अरे त्या काळच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चेहरा घडवलेला असतो तो लाइटने, गालाखालची सावली किती गडद ठेवायची, केसांवर मागून उजेड किती मारायचा, सगळं मोजूनमापून. त्यावर गुलाबी फासलं की उरतं कॅलेंडर. परत पाठवली.

पण माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. त्या साइटवर लिहिलं होतं 'मधुबाला व्हिंटेज', बास. फोटो कुणी काढला, कधी काढला, एक अक्षर नाही. तो फोटो 'लाइफ' मासिकाच्या जेम्स बर्कने १९५१ मध्ये काढलेल्यांपैकी होता, आज व्हॉट्सॅपवर फिरणारे तिचे कितीतरी फोटो त्याच सेशनचे. बरं तो परदेशी म्हणून सोडा, आपल्या दादरचे जे. एच. ठक्कर किती जणांना माहितीयत? फाळणीनंतर कराचीहून आले, १९४८ ला इंडिया फोटो स्टुडिओ काढला, नर्गिस, मीनाकुमारी सगळ्या त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. नट्यांची नावं आपल्याला पाठ, आणि ज्याने ते रूप कागदावर उतरवलं तो कुणीच नाही?

फ्रेम करणाऱ्यांना एक सांगतो, फोटो काचेला टेकवून अजिबात बसवू नका, मध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच. जुन्या प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो, पावसाळ्यात दमट हवेने तो फुगतो आणि काचेला चिकटून बसतो. आमच्या आजोबांकडे दुर्गा खोट्यांचा एक फोटो होता, सही वगैरे नाही, साधाच, पण त्यांचा लाडका. फ्रेम बदलायला काढली तर अर्धा चेहरा काचेवरच राहिला. आजोबा काही बोलले नाहीत, ती काच मात्र कितीतरी वर्षं माळ्यावर होती, कुणाला टाकवेना.

असो. यावेळी चांगली प्रिंट मिळवली, गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून माउंट टाकून घेतला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'फोटो: जेम्स बर्क, १९५१'. आत्याने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं हिचा नवरा किशोरकुमार."