चिठ्ठी टाकून देवाची इच्छा ओळखण्याच्या संदेशाबाबत खुलासा

नोकरीसाठी पुण्याला जावे की सोलापुरातच राहावे, असा पेच पडल्यास प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकाव्यात, निघेल ती देवाची इच्छा, कारण प्रेषितांनीही (येशूच्या निवडक शिष्यांनीही) तसेच केले, असा संदेश सोलापुरातील ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. त्यातील आधार अर्धवट आहे. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (1:26) प्रेषितपदासाठी मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली हे खरे. परंतु त्याआधी येशूच्या सहवासात राहिलेले दोघे पारखून पुढे आणले होते, हे संदेशात गाळले आहे, याचे वाईट वाटते. शिवाय पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीने (ख्रिस्ती समुदायाने) चिठ्ठ्यांनी निर्णय घेतल्याचा एकही प्रसंग नव्या करारात नाही. याच पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात यरुशलेमेतील मंडळी वादविवाद, साक्षी आणि शास्त्रवचन यांचा विचार करून एकमताने ठरवते. 16 व्या अध्यायात आशिया व बिथुनिया या रोमी प्रांतांकडील वाट अडवली गेल्यावर प्रेषित पौलाला मासेदोनियाचा दृष्टांत होतो, तरी तिकडे देवच बोलावत आहे हे अनुमान सोबत्यांसह काढलेले दिसते. ज्यांनी चिठ्ठीवरून नोकरी सोडण्याचे ठरवले असेल, त्यांनी राजीनामा देण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि आपल्या पाळकांशी अवश्य बोलावे.