खुलासा : अमेरिकेत मतदारसंघाचा नकाशा पक्षाची स्थानिक समिती आखत नाही

‘अमेरिकेत मतदारसंघांच्या सीमा आणि निवडणुकीचे नियम पक्षांच्या काउंटी समित्या ठरवतात,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) तो चुकीचा आहे, पण निव्वळ थापही नाही.

दर 10 वर्षांच्या जनगणनेनंतर बहुतेक राज्यांत नकाशा विधिमंडळच कायदा करून मंजूर करतं. स्थानिक समितीला त्यात मत नसतं. जनसुनावणीत ती हरकत घेऊ शकते, तेवढं कुणीही करू शकतं. 2025 मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला, तोही विधिमंडळातच. पक्षाचा हात त्यामागे होताच, फक्त तो काउंटीचा नव्हता! कॅलिफोर्नियात नकाशा आखायला 14 सदस्यांचा नागरिक आयोग आहे : दोन्ही मोठ्या पक्षांचे प्रत्येकी 5 आणि बाहेरचे 4. अर्थात टेक्सासला उत्तर म्हणून तिथल्या मतदारांनी आयोगाचा लोकसभेसारख्या प्रतिनिधीगृहापुरता नकाशा 2030 च्या निवडणुकीपर्यंत बाजूला ठेवला.

मग गैरसमज आला कुठून? बहुधा न्यूयॉर्कसारख्या राज्यांवरून. तिथे काउंटीच्या निवडणूक मंडळावर दोन्ही मोठ्या पक्षांना समान जागा असतात आणि त्यांची नावं पक्षाची काउंटी समितीच सुचवते. मतदारयादी, मतदान केंद्रं, मोजणी हे सगळं या मंडळाकडे. आपल्याकडच्या निवडणूक आयोगाची सवय असलेल्याला हे अजब वाटेल. पण मंडळ राबवतं ते राज्याचा कायदा. नियम स्वतः करत नाही.