खंड्या आमचाच, त्यानं केलेलं नुकसानही आमचंच

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू घरातल्या सगळ्यांनी वाचला. जेवणाबद्दल आणि खोलीबद्दल तुम्ही चांगलं लिहिलंत, त्याबद्दल आभार. राग गाडीचा आहे, तर त्याबद्दलच बोलते. बाकीच्यांनाही विषय कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. रात्री आमच्या कुत्र्यानं तुमच्या नव्या गाडीचा पुढचा बंपर ओरबाडला, चाकावरचं प्लास्टिक फाडलं आणि डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर चरा पाडला. सकाळी विचारल्यावर 'तो गावातला मोकाट कुत्रा आहे' असं उत्तर मिळालं, 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी दाखवली गेली, इन्शुरन्सचा विषय काढला गेला आणि शेवटी भरपाई अर्धीच मिळाली. असा पिसाळलेला कुत्रा गावाबाहेर नेऊन सोडावा, नाहीतर पोलिसात जाऊ, असंही तुम्ही लिहिलंय.

मोकाट कुत्र्याची गोष्ट आधी. ते वाक्य आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलाचं. तुमचा चढलेला आवाज ऐकून तो भेदरला आणि तोंडाला आलं ते बोलला. त्यानंतर मी स्वतः खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, येऊन तुम्हाला सांगितलं होतं की खंड्या आमचा आहे, आणि आज इथे सगळ्यांसमोर तेच लिहिते. निसर्ग वादळ आलं, २०२० च्या जूनमध्ये, तेव्हा आमच्या आगरातल्या पोफळी आणि माड आडवे झाले. त्या पडझडीत एक पिल्लू पडवीत येऊन बसलं ते कायमचं. विकत आणलेला नाही, त्याची जातही कुणाला ठाऊक नाही. पण रोज संध्याकाळी त्याची भाकरी आमच्या चुलीवर होते, रेबीजची लस दरवर्षी आम्ही टोचून घेतो, नसबंदी आम्ही करून घेतली. असा कुत्रा गुरगुरला, काही फाडलं, की त्याच दिवशी तो 'गावचा' होतो आणि रात्री राखणीला मात्र 'आमचा' असतो, हे मला पटत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही हाच भेद आहे: पाळीव जनावराची जबाबदारी मालकावर, रस्त्यावरच्या जनावराची स्थानिक संस्थेवर. ज्याच्या पडवीत झोपतो त्याचा तो कुत्रा.

किनाऱ्यावर राहण्याजेवणाची सोय करणारे माझे बरेच भाऊ-वहिनी हे वाचतील, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. 'इथली कुत्री अशीच आहेत, आम्ही काय करणार' हे उत्तर पाहुण्याला देऊ नका. पाहुणा गाडी रस्त्यावर लावत नाही, आपण बेडं उघडून त्याला आत घेतो. आपल्या गडग्याच्या आत आपल्या कुत्र्यानं जे केलं ते आपलं.

पाटीचं म्हणाल तर ती आमच्या जागेतली नाही. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला जे पार्किंग आहे तिथली ती पाटी. आमच्या खळ्यात तशी पाटी कधी लावली नाही, लावणारही नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती आणि पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटायला त्या छापील ओळीचा आधार घेता येणार नाही. आमच्याकडे चावी तुमच्याच खिशात होती, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असं मी म्हणत नाही. पण पाटी लावली की आपण मोकळे, असं समजणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आता त्या रात्रीचं. तुम्ही उशिरा पोचलात, पाऊस पडून गेला होता आणि आंबेतच्या बाजूनं घाट-वळणं करत आलेल्या गाडीचं इंजिन चांगलंच तापलेलं होतं. खळ्यातल्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं: एक मांजर पुढच्या डाव्या चाकावरून आत शिरलं. ओल्या रात्री मांजरं, उंदीर ऊब बघून बॉनेटखाली जातात, पावसाळ्यात आमच्याकडे हे नेहमीचं. त्याच्यामागे खंड्या आला. आधी भुंकला, मग चाकाच्या वरचं काळं प्लास्टिक, गॅरेजवाले ज्याला फेंडर लायनर म्हणतात, त्याची कड दातात धरून ओढत बसला. ते क्लिपांवर बसवलेलं असतं, एक क्लिप निघाली की बाकीच्या धडाधड सुटतात. बंपरवर पंजे मारले ते तेव्हाच. सकाळी बॉनेट तुम्हीच उघडलंत, बॅटरीच्या बाजूला मांजराचे केस तुम्हीच मला दाखवलेत.

हे सगळं सांगते ते खंड्याचा बचाव म्हणून नाही. मांजरामागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे, म्हणून तुमचं बिल एका रुपयानंही कमी होत नाही. पिसाळलेला हा शब्द मात्र मला लागला, म्हणून सांगावं लागलं. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे रेबीज, आणि तो शब्द वाचून माझ्याकडे मुलंबाळं घेऊन येणारं कुटुंब घाबरून जाईल. खंड्याच्या लसीचं कार्ड ओटीवर खिळ्याला टांगलेलं आहे, कुणीही बघावं.

भरपाई अर्धी का, तर दारांवरच्या चऱ्यामुळे. लायनर पूर्ण, बंपरचं रंगकाम पूर्ण, हे मी त्याच सकाळी कबूल केलं आणि लायनरचे पैसे तुम्ही निघण्याआधी दिले. आकडा इथे लिहीत नाही, तो तुमच्या-माझ्यातला. दारांचे पैसे मी दिले नाहीत आणि त्याचं कारणही तेव्हाच सांगितलं होतं. कुत्र्याच्या नखांचे ओरखडे वरून खाली येतात, आखूड असतात आणि तीन-चार एकमेकांना लागून असतात. बंपरवर अगदी तसेच आहेत. दारांवरचा चरा एकच, आडवा, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सलग गेलेला आणि आरशाच्या किंचित खाली. आमच्या वाडीकडे येणारा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की गाडी डावीकडे दाबावी लागते आणि तिथे करवंदीच्या जाळ्या अगदी अंगावर आलेल्या आहेत. अशा सलग, आडव्या रेघा त्या काट्यांच्या. कॅमेऱ्याचं चित्रण मी तुम्हाला दाखवलंय, परत बघायचं असेल तर पाठवते. त्यात खंड्या दारांकडे फिरकलेलासुद्धा नाही. जे त्यानं केलं त्याचे पैसे देताना मी मागेपुढे पाहिलं नाही. जे केलं नाही त्याचे द्यायला लागले तर उद्या खऱ्या नुकसानीलाही मी घासाघीस करायला लागेन.

इन्शुरन्सचं बोलणं तुमच्यापर्यंत नेमकं उलटं पोचलं. क्लेम करा असं मी म्हटलं नव्हतं, एवढ्याशा कामासाठी क्लेम करू नका असं म्हटलं होतं. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर, नूतनीकरणाच्या वेळी ती सूट शून्यावर येते. आमच्या कुत्र्यामुळे तुमची ती सूट का जावी? म्हणून बिल माझ्याकडे द्या, असं माझं म्हणणं होतं.

पोलिसात जायला माझी हरकत नाही, तो तुमचा हक्क. फक्त एवढंच सांगते की जनावराबाबत हयगय केल्याचं जे कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं २९१, जुन्या भारतीय दंड संहितेचं २८९, ते माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असते तेव्हाचं. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड आहे. गाडीचं नुकसान हा दिवाणी मामला, मालकाच्या निष्काळजीपणाचा. आणि तिथेही प्रश्न येतो तो हाच: कुत्र्याची खोड मालकाला माहीत होती का, आणि माहीत झाल्यावर त्यानं काय केलं. खंड्याची ही खोड आता आम्हाला माहीत झालेली आहे, त्यामुळे इथून पुढे 'आम्हाला काय कल्पना' असं म्हणायला जागा नाही. पाहुण्याची गाडी आत असेल त्या रात्री खंड्या मागच्या पडवीत झोपतो, तिला जाळीचं दार करून घेतलंय. पार्किंग विहिरीच्या बाजूला हलवलंय, तिथे चिऱ्याच्या गडग्यावर जाळी मारली आहे.

दिवसभर साखळीला बांधून ठेवा असं तुमच्या सौंनी सुचवलं होतं. ते मी करणार नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाच सांगतो की जनावराला आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हा. त्यात बांधून ठेवलेला कुत्रा दिवसेंदिवस चिडका होतो, आणि तेव्हा गाडीवर निभावणार नाही, माणसाच्या अंगावर येईल. शिवाय खंड्याला दिवसा काम आहे. आमची कलमं, केळी, शहाळी वानरांपासून राखतो तो हाच. वानरांचा त्रास काय असतो ते इथल्या बागायतदाराला विचारा.

गावाबाहेर सोडणं तर नाहीच नाही. उपाशी-तहानलेलं मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा. आणि आमच्या किनाऱ्यावर कुत्रा सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. थंडीच्या दिवसांत वेळास, अंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. गावातली मुलं पहाटे किनारा पालथा घालून ती अंडी काढतात आणि कुंपणातल्या हॅचरीत पुरतात, कारण कोल्हा आणि कुत्रा वास काढून घरटी उकरतात. पोट भरायला वाळू उकरणारा आणखी एक कुत्रा मी त्या किनाऱ्यावर सोडू? माझी अडचण गावाच्या गळ्यात बांधायची मला सवय नाही.

पुढे येणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते, कुत्रा आमच्याकडचा असो की कुठलाही. हर्णै बंदरातला लिलाव बघून येताना सोडे, सुके बोंबील घेतलेत तर ते रात्री गाडीत ठेवू नका, घरात आणून द्या, आम्ही डब्यात भरून ठेवतो. डिकीतून वास सुटला की कुत्रं-मांजर दोघंही तिथे येतात, उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. रात्री उशिरा आलात तर सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, आत कुणी असेल तर निघून जाईल. परगावची गाडी आली की टायर हुंगून त्यावर तंगडी वर करणं हे कुत्र्याचं नेहमीचं, ते आम्ही सकाळी पाण्यानं धुऊन देतो. आणि गाडी पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, घालू नका. भरतीत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरनं ओढताना मी पाहिल्या आहेत. खारं पाणी गाडीचं जे करतं ते दहा खंड्यांना जमणार नाही.

दादा, तुमच्या बंपरच्या रंगकामाचं पक्कं बिल अजून माझ्याकडे आलेलं नाही. पुण्यात कुठल्याही गॅरेजमध्ये करून घ्या, तुमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये केलंत तरी चालेल. फक्त बिलात बंपर आणि दारं वेगवेगळी लिहून घ्या. ज्या नंबरवरून तुम्ही बुकिंग केलं होतं त्यावर बिलाचा फोटो टाका, बंपरची रक्कम त्याच दिवशी जमा करते. दारांबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर गॅरेजवाल्याला तो चरा दाखवून विचारा. तो नखांचा आहे असं त्यानं लिहून दिलं, तर त्याचेही पैसे देईन.