कासवाची अंडी हलवणाऱ्यांबद्दल खुलासा

कोकणात किनाऱ्यावर वाळू उकरून कासवाची अंडी उचलणारी माणसं चोर असतात, असा मजकूर फोटोंसह फिरतो आहे. वेळाससारख्या गावांतल्या कासवमित्रांवर, म्हणजे ही अंडी जपणाऱ्या गावकऱ्यांवर, हा सरळ अन्याय आहे.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. मग कोल्हे, कुत्री घरटं उकरतात, पूर्वी माणसंही अंडी न्यायची. म्हणून कासवमित्र पहाटे मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी उलटीपालटी न करता अलगद उचलतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरतात. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं. वन विभाग सोबत आहे.

ही कासवं १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत, त्यामुळे इतर कोणीही अंड्यांना हात लावणं गुन्हाच. शंका आली तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. रात्री राबणाऱ्या या गावकऱ्यांचे फोटो मात्र कृपया पुढे ढकलू नका.